फ्युएल गेज चुकतंय म्हणून टाकी मोठी करू नका

काल भाच्याचा फोन आला, मामा सिम्युलेटरमधलं माझं सेसना १७२ उडतच नाहीये, नाकच उचलत नाही. फाइल मागवून बघितली आणि कळलं की ती सगळीकडे फिरणारी पोस्ट याच्यापर्यंतही पोचली. पोस्ट म्हणते, एफएसएक्समध्ये (मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर) विमानाचं फ्युएल गेज चुकत असेल तर खऱ्या विमानाच्या मॅन्युअलमधले आकडे एअरक्राफ्ट.सीएफजी या विमानाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये जसेच्या तसे टाका, तरी जुळलं नाही तर टाकीची कपॅसिटी वाढवा, अनयूजेबल (टाकीत असूनही इंजिनाला न मिळणारं इंधन) शून्य करा, आणि फार डोकं लावू नका कारण खऱ्या विमानातही गेज फक्त टाकी रिकामी असतानाच बरोबर असावं लागतं. पोरगं आठवडाभर यात अडकलंय म्हणून लिहितोय.

आधी ते 'जसेच्या तसे'. सगळं नुकसान तिथेच झालंय. १७२एस या मॉडेलच्या हँडबुकात इंधनाचा आर्म, म्हणजे मोजणीच्या शून्यबिंदूपासूनचं अंतर, ४८ दिलाय. पण तो इंचात आहे, आणि डेटमपासून (तोच शून्यबिंदू) म्हणजे फायरवॉलच्या, इंजिनामागच्या भिंतीच्या, पुढच्या बाजूपासून मागे मोजलेला. सिमच्या फाइलमध्ये लेफ्टमेनच्या, म्हणजे डाव्या टाकीच्या, ओळीत पाच आकडे असतात: पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली, कपॅसिटी आणि अनयूजेबल. पहिले तीन फुटात, आणि पुढची बाजू प्लस, मागची मायनस. म्हणजे डेटम फायरवॉलवरच ठेवला असेल तर इथे मायनस ४ यायला हवं. भाच्याने दोन्ही टाक्यांना ४८ लिहिलं होतं. अख्खं विमान २७ फूट लांब आणि टाक्या डेटमच्या ४८ फूट पुढे! ५६ गॅलन अॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल), गॅलनला ६ पौंड, म्हणजे ३३६ पौंड वजन विमानाच्या पुढे हवेत लटकतंय, मग नाक कसलं उचलतंय. आणि तो बिचारा ट्रिम आणि एलिव्हेटरचे आकडे बदलत बसला होता, कारण पोस्टमध्ये युनिटबद्दल एक शब्द नाही. आकडे मॅन्युअलमधूनच घ्यायचे हे बरोबर आहे, तेवढं मान्य करतो, पण युनिट आणि चिन्ह बघून.

कपॅसिटी वाढवायचं तर अजिबात करू नका. १७२एसची एक टाकी २८ गॅलनची, याने ४० केली. गेज टक्केवारी वाचत असेल तर ४० गॅलनला फुल दाखवणार आणि गेजवरचा प्रत्येक आकडा खोटा. गॅलन वाचत असेल तर सुई फुलवर जाऊन चिकटणार, आणि तासाला साधारण १० गॅलन दोन्ही टाक्यांतून मिळून जळतात असं धरलं तर जास्तीचे १२-१२ गॅलन संपायलाच सव्वादोन तासांच्या वर जातात, तोपर्यंत सुई जागची हलत नाही. गेजची एक्सएमएल फाइल उघडा, ते लेव्हल (टक्केवारी) वाचतंय की क्वांटिटी (गॅलन) ते बघा, आणि तिथेच दुरुस्त करा. टाकीचा काही दोष नाही.

आता ते 'रिकामी असतानाच बरोबर'. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की वैताग आलाय. अमेरिकेच्या लहान विमानांच्या नियमात, पार्ट २३ मधल्या २३.१३३७ मध्ये होतं ते असं: सरळ उड्डाणात टाकीत फक्त अनयूजेबल इंधन उरलं की गेजने शून्य दाखवायला हवं. बाकी वेळी काहीही दाखवलं तरी चालेल असं त्यात कुठेच नाही. उलट पार्ट ९१ मध्ये ९१.२०५ प्रत्येक टाकीतलं इंधन दाखवणारं गेज मागतो. म्हणजे शून्याचा अर्थच अनयूजेबलवर उभा आहे, आणि ही पोस्ट तोच आकडा शून्य करायला सांगते! १७२एसला टाकीमागे दीड गॅलन अनयूजेबल, दोन्ही मिळून ३, ५६ पैकी वापरता येतात ५३. ते शून्य केलं की खऱ्या विमानात नसलेली १८ मिनिटं सिममध्ये फुकट मिळतात.

फ्युएल फ्लो स्केलरबद्दल पोस्टमध्ये एक ओळ आहे, ती चूक नाही, खप जुळवायला तो आकडा असतोच. फक्त त्याला शेवटी हात लावा. आधी टाकीची जागा, कपॅसिटी, अनयूजेबल, मग गेज, मग क्रूझला तासभर उडवून हँडबुकातल्या खपाशी ताडून बघा.

भाच्याच्या दोन्ही ओळी दुरुस्त केल्या: पहिला आकडा मायनस ४, चौथा २८, पाचवा १.५. मधले दोन त्याचे बरोबर होते. रात्री परत फोन आला, ५५ नॉट्सला नाक उचललं म्हणे.