चावकं म्हणायच्या आधी त्याच्या कानामागं बघा

आज सकाळी रंकाळ्यावर एक गोल्डन रिट्रीव्हर कुत्रं बघितलं. दीड-दोन वर्षांचं असेल. मालकानं त्याच्या कानामागची जट बोटांनी ओढली. कुत्र्यानं कळवळून मान फिरवली आणि हातावर नुसते दात टेकवले. दाबले नाहीत. तरी सगळ्यांदेखत पट्ट्याचा फटका बसला, वर "लई चावकं झालंय" हेही ऐकलं. तेव्हापासून डोकं तापलंय.

चावकं नाही ओ ते! कानामागं, काखेत, जांघेत केस घासून गुंततात. आपल्याकडं पावसाळाभर हवा ओली, आतले केस वाळत नाहीत. जट आवळत जाते आणि कुत्रं मान हलवेल तसं कातडं ताणलं जातं. खाली ओल धरून लाल होतं, वास मारतो. तिथं बोट घालून ओढल्यावर कोण गप्प बसेल?

आणि वरवर ब्रश फिरवून केसांचा कोट चमकला म्हणजे झालं, हा समज सोडा. भांग पाडल्यासारखे केस बाजूला करायचे, कातडं दिसलं पाहिजे, मग थराथरानं विंचरायचं. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला पाहिजे. जट सापडली तर तिच्या मुळाशी, कातड्यालगत केस दोन बोटांत घट्ट धरा, म्हणजे ओढ तुमच्या बोटांवर येते, कातड्यावर नाही. चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, टोकाकडून सोडवत मुळाकडं या. कात्री अजिबात नको. जट उचलली की कातडंही वर येतं आणि कात्रीत सापडतं. जट कातड्याला चिकटली असेल तर डॉक्टरांकडून ट्रिमरनं काढून घ्या. विंचरल्याशिवाय अंघोळ तर घालूच नका, भिजलेली जट आणखी आवळते.

अंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. पाणी कोमट, शाम्पू कुत्र्याचाच आणि पाण्यात कालवून. शाम्पू राहिला तर खाज सुटते, म्हणून धुण्याला घासण्यापेक्षा जास्त वेळ द्या. आणि कातड्यापर्यंत वाळवा. उन्हाळ्यात गोल्डनचं मुंडण करणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, तो दुहेरी कोट (आत मऊ लव, वर लांब केस) उन्हापासूनही राखतो. विंचरून मेलेले केस काढा, वस्तरा नको.

पण परत त्या फटक्यावर येतो. मारून तो कुत्रा काय शिकला? हात कानाकडं आला की दुखतं, आणि इशारा दिला की मार बसतो. उद्या तो गुरगुरणारही नाही, थेट चावेल. गुरगुरणं म्हणजे त्यानं तुम्हाला दिलेली संधी असते!

हात लावून घेणं शिकवावं लागतं. पिल्लू घरी आलं त्याच दिवसापासून, दोन-तीन मिनिटं. कानाला क्षणभर हात, लगेच वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा. आधी हात, मग तुकडा. उलटं केलंत तर तुकडा दिसला की तो सावध होतो. मग पंजा, मग ओठ उचलून हिरड्या. अंग चोरलं तर एक पायरी मागं या. नेलकटर पहिले काही दिवस नुसतं नखाला टेकवायचं, मग दिवसाला एकच नख. बहुतेक कुत्र्यांना अठरा असतात, अठरा दिवसांत होतं. काळं नख कागदाइतकं पातळ कापत जा. कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला की थांबा, पुढं रक्त आहे. आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा.

मान्य, मोठ्या कुत्र्याला महिने लागतात. नोकरी-धंदा सांभाळून जड जातं, हेही मान्य.

पण याच सवयीवर जीव वाचतो. गोचीड बसते बोटांच्या बेचक्यात, कानात, पट्ट्याखाली. पंजा हातात देत नसेल तर दिसणार कशी? बारीक चिमट्यानं कातड्यालगत धरून सरळ ओढा, पिळू नका, रॉकेल ओतू नका. गोचिडीतून आजारही येतो: ताप आहे, जेवण सोडलंय आणि हिरड्या पांढऱ्या पडल्यात, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. आणि हिरड्यांचा रंग कळायला तोंड उघडू दिलं पाहिजे ना!

बक्षीस म्हणून तांबड्या रश्शातलं हाडही नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं.

आता राग उतरलाय. त्या गोल्डनचे मालक हे वाचत असाल, तर दादा, आज ब्रश हातात घेऊ नका. त्याच्याशेजारी जमिनीवर बसा. छातीवर हात ठेवा, तुकडा द्या, उठा. ती जट उद्या डॉक्टरांकडून काढून घ्या. कानाला तुमचा हात, दुखणं गेल्यावर.