बहुरूपी पोरं पळवत नाहीत, मावशी!

परवा नाशिकच्या सिडकोत मावशीच्या दारात बहुरूपी आला. खाकी सदरा, गळ्यात शिट्टी, काखेत डायरी. 'वॉरंट निघालंय तुमच्यावर' एवढं तो म्हणाला, तोच मावशीने दार लावून घेतलं. ह्याच आवाजाला इतकी वर्षं ती हसत दहा रुपये काढून देत होती. कारण काय, तर व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज: 'वेश पालटून पोरं पळवणारी टोळी नाशकात शिरलीय. बहुरूपी घरं हेरतात, ते मुळात महाराष्ट्रातले नाहीत, खाकी घालणं हाच गुन्हा. दिसले की धरून चोप द्या.'

पोरं पळवण्याचंच आधी घेते, कारण ह्याच वाक्यावर माणसं मेलीत. १ जुलै २०१८, राईनपाडा, तालुका साक्री, जिल्हा धुळे. आपल्या बागलाणला लागून असलेला तालुका. आठवडे बाजारात भिक्षा मागायला आलेले मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मोबाइलवर हीच अफवा फिरत होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. पाचही निरपराध होते. त्याच रात्री आपल्या मालेगावातही ह्याच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरलं. सोबत लहान मूल होतं. पोलीस मध्ये पडले म्हणून ती माणसं वाचली. 'धरून चोप द्या' म्हणजे काय, ते हे. पुढे ढकलणाऱ्याला हे माहीत नसेल, तर त्याने आधी माहीत करून घ्यावं.

'महाराष्ट्रातले नाहीत' हे तर धडधडीत खोटं. राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत बहुरूपी नावानिशी आहेत. रायरंद हा शब्द आपल्या आजीच्या तोंडी होता, तोही त्यांच्यासाठीच.

खाकीचं अर्धं खरं आहे, मान्य करते. 'पुढे दंगल झालीय, दागिने काढून रुमालात बांधा' म्हणत म्हाताऱ्या बायांना लुबाडणारे तोतया पोलीस असतात. पण कायद्यात नुसता वेश गुन्हा नाही, त्यामागे फसवण्याचा हेतू लागतो. तोतया आपण पोलीस नाही हे लपवतो. बहुरूपी भरदिवसा, गल्लीभर ओरडत येतो, खोटं वॉरंट वाचून हसवतो आणि शेवटी हात पुढे करतो.

राहिलं घर हेरणं. ज्याला घर हेरायचंय तो शिट्टी फुंकत येईल का?

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं. तिने तीन ग्रुपवर मेसेज टाकला होता, तिन्हीकडचा काढला. तोवर एका ग्रुपवरून तो पंचवटीत पोचला होता.