न हलणाऱ्या माणसाने अंधारात का बसावे?

स्वयंचलित दिव्यांच्या खोलीत शांतपणे वाचत बसलेल्या माणसाला मध्येमध्ये हात हलवून आपण तिथे असल्याचे सिद्ध करावे लागते, याची मला मनापासून चीड येते. दिवा लावणारा-विझवणारा छतावरचा पीआयआर सेन्सर, म्हणजे हालचाल टिपणारे उपकरण, माणूस ओळखतच नाही. शरीरातून बाहेर पडणाऱ्या अवरक्त किरणांत हालचालीमुळे होणारा बदल तेवढा तो टिपतो, त्यामुळे जो हलत नाही, तो त्याच्या लेखी खोलीत नसतोच. वाचणे, विचार करणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे ही सगळी न हलता करायची कामे आहेत, हे यंत्रणा बसवणाऱ्यांच्या लक्षात येऊ नये? संगणकशास्त्रज्ञ मार्क वायझर यांनी १९९१ मध्ये संगणक परिसरात इतका मिसळून जाईल की त्याची जाणीवही उरणार नाही, अशी कल्पना मांडली होती. इथे मात्र साध्या दिव्याकडेही सतत लक्ष पुरवावे लागते. दिवा विझण्याआधीचा अवधी वाढवता येतो, श्वासोच्छ्वासाची बारीक हालचाल टिपणारे रडार सेन्सरही मिळतात, आणि भिंतीवर एक बटण ठेवायला तर काहीच अडचण नसते. पण नेमके तेच काढून टाकतात, आणि मग मोबाईल शोधा, तो अनलॉक करा, अ‍ॅप उघडा, ते अपडेट होईपर्यंत थांबा, असा द्राविडी प्राणायाम सुरू होतो. पाहुण्यांना किंवा मोबाईल न वापरणाऱ्या वृद्धांना तर तोही मार्ग नसतो. दाराजवळ हाताने दाबायचे बटण असलेच पाहिजे, आणि ते नसलेली खोली अपुरीच समजली पाहिजे.