करडे कपडे, जीन्स आणि बर्लिनची भिंत

"कम्युनिस्ट देशांत फॅशन नव्हतीच. सरकारला तिचं वावडं. सगळ्यांच्या अंगावर एकसारखे करडे कपडे. शेवटी जीन्सनेच बर्लिनची भिंत पाडली." हा मजकूर फिरत फिरत माझ्याकडेही आला. पूर्व जर्मनीपुरतंच बघू, भिंत तिथलीच म्हणून.

वावडं? त्या सरकारने पूर्व बर्लिनमध्ये चक्क फॅशनची संस्था चालवली. १९५६ साली 'सिबिल' हे फॅशनचं द्वैमासिक निघालं आणि त्याचे अंक हातोहात संपू लागले. १९५८च्या रसायन उद्योगाच्या कार्यक्रमाची घोषणाच होती 'भाकरी, समृद्धी आणि सौंदर्य'. नायलॉनसारख्या धाग्याचं नाव तर देशाच्या जर्मन नावाच्या आद्याक्षरांवरूनच (डीडीआर, जर्मन उच्चार 'डे-डे-एर') ठेवलं: डेडेरॉन. सरकारचा गुन्हा वेगळाच. फॅशनचं वचन त्यानेच दिलं आणि त्यालाच ते पाळता आलं नाही.

करड्या रंगाचं म्हणाल तर दुकानांपुरतं बरंचसं खरं आहे. 'सिबिल'मध्ये दिसलेला झगा दुकानात मिळेलच याची खात्री नसे. पण दुकानात टांगलेलं तेच लोकांच्या अंगावर, हे कोणी ठरवलं? अंकातल्या नमुन्यांवरून कापड बेतून बायका घरी शिवत. बाळाच्या लंगोटांचं कापड रंगवून त्याचे ब्लाउज होत. १९८०च्या दशकात पूर्व बर्लिनमधल्या काही तरुणांनी तर स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर अंथरायच्या प्लॅस्टिकचे पोशाख करून शो केले. याला करडं म्हणायचं तर म्हणा!

'एकसारखे' हा शब्द मात्र साफ चुकीचा. १९६०च्या दशकापासून 'एक्सक्विझिट' नावाची सरकारी दुकानं होती. माल उंची, किंमतीही तशाच. 'इंटरशॉप' या दुसऱ्या सरकारी दुकानांत पश्चिमी चलनच चाले आणि १९७४पासून सामान्य नागरिकाला ते कायद्याने बाळगता येऊ लागलं. म्हणजे पश्चिम जर्मनीत कोणी मावशी असेल आणि ती तिथलं चलन, म्हणजे मार्क, देत असेल, तर तुमची चंगळ. नसेल, तर बसा शिवत.

राहिली जीन्स. सुरुवातीच्या काळात ती घालून आलेल्या मुलांना शाळेतून घरी धाडत, हे खरंच. पण १९७८ साली याच सरकारने लिवाइसच्या सुमारे दहा लाख जीन्स आयात केल्या. भिंत पडली त्यानंतर अकरा वर्षांनी. ऑक्टोबर १९८९मध्ये लाइपझिगच्या रस्त्यांवर लोक उतरले ते प्रवासाचं स्वातंत्र्य आणि खुल्या निवडणुका मागायला.

आणि हो, 'सिबिल' बंद पडलं ते १९९५मध्ये, खुल्या बाजारात.