ग्रुपवर टाकलं होतं

गेल्या वर्षी मे संपता संपता आमच्या शिवारात संध्याकाळी वारं सुटलं. पाऊण तासाचा खेळ. कापणीला आलेली, घडांनी वाकलेली केळी पार आडवी झाली. हवामान आधारित फळपीक विमा काढलेला असेल, तर अशा वाऱ्या-गारपिटीच्या नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत द्यावी लागते. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन मी. त्याच रात्री साडेनऊला सगळं लिहून टाकलं: कुठे कळवायचं, कोणते कागद हाताशी ठेवायचे, फोटो कसे काढायचे. टाकलं आणि झोपलो.

पाचव्या दिवशी सकाळी नाना आले. बांधाला बांध लागून असलेले शेजारी, वय सत्तरीच्या पुढे. विमा भरलेला, बाग सगळी झोपलेली, आणि विचारत होते की अर्ज कधी द्यायचा असतो. माझ्या तोंडून निघालं, "नाना, ग्रुपवर टाकलं होतं ना." त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. मी वर सरकवत गेलो. पडलेल्या बागांचे फोटो, त्याच बागांचे व्हिडिओ, कुठल्या तरी भलत्याच जिल्ह्यातल्या जुन्या गारपिटीचे फोटो, सुप्रभात, एकाचा वाढदिवस, त्याला ऐंशी-नव्वद शुभेच्छा, परत बागांचे फोटो. अंगठा दुखेपर्यंत सरकवल्यावर माझा मेसेज सापडला. माझ्या फोनमध्ये तो लांब दाबून बघितला, तर वाचणाऱ्यांच्या यादीत नानांचं नाव होतं. म्हणजे त्यांनी ग्रुप उघडला होता. माझा मेसेज त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला होता.

नाना म्हणाले, "इतला मेसेजमा मी काय काय दखू, भाऊ?"

मुदत टळली होती. त्यांच्या दीड हजार खोडांचं एका पैशाचं काही मिळालं नाही. बांधापासून त्यांच्या ओट्यापर्यंत चालत जायला मला पाच मिनिटं लागतात. त्या तीन दिवसांत मी गेलो नाही, कारण ग्रुपवर टाकलं होतं.

तेव्हापासून हे वाक्य माझ्या कानाला टोचतं, आणि दिवसातून चार वेळा ते ऐकू येतं. सोसायटीची मीटिंग, पाण्याची पाळी, लाईटचं वेळापत्रक, सगळं ग्रुपवर टाकलेलं असतं. टाकणाऱ्याचं काम टाकल्याबरोबर संपतं. २०१६ साली आम्ही हा ग्रुप काढला तेव्हा एका ग्रुपात २५६ च्या वर माणसं घेता येत नव्हती, आज १,०२४ घेता येतात. आम्हाला वाटलं माणसं वाढली की काम सोपं होईल. झालं असं की चाळीस जण होतो तेव्हा "उद्या कृषी सहायकाला कोण भेटतो?" म्हटलं की कुणीतरी "मी जातो" लिहायचा. आता चारशेच्या वर आहोत. प्रत्येकाला वाटतं, एवढ्यांनी वाचलंय, कुणीतरी गेलाच असेल. खाली तीस अंगठे पडतात आणि जात कुणीच नाही.

सगळ्यांना कळलं म्हणजे कुणीतरी बघितलं, हा समज किती महागात पडतो ते आपल्या खान्देशाने पाहिलंय. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय ही अफवा फोनाफोनांतून आधीच सगळीकडे पोहोचलेली होती. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. आधी नीट चौकशी करून खात्री करावी, एवढं त्या जमावाला सुचलं नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली, २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजला एकच ठिकाण ठेवलं. बरं झालं. पण खात्री करायचं काम गावातल्या माणसालाच करावं लागतं, ते कुठल्या सेटिंगमध्ये बसत नाही. राईनपाड्याचं नाव काढलं की अजून माझ्या पोटात गोळा येतो.

मी मोबाईलच्या विरोधात नाही. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या लाटेत, याच मोबाईलमुळे माणसांचे जीव वाचलेले मी पाहिले. मेहुण्याला ऑक्सिजनचा बेड हवा होता. ग्रुपवर फिरणाऱ्या यादीतले सतरा नंबर मी लावले. काही बंद, काही लागतच नव्हते, जे लागले ते म्हणाले, "भाऊ, तो बेड परवाच गेला." तेव्हा तालुक्यातली सहा पोरं एकत्र आली. त्यांनी मेसेज पुढे पाठवणं बंद केलं आणि एक गूगल शीट उघडली. प्रत्येकाने दोन-तीन नंबर वाटून घेतले. दर तीन तासांनी फोन करायचा आणि त्या ओळीत तीनच गोष्टी लिहायच्या: बेड आहे की नाही, किती वाजता विचारलं, कुणी विचारलं. जुनं पुसायचं, त्याच जागी नवं लिहायचं. ती शीट मोबाईलच्या एका पानात मावायची. मेहुण्याला बेड त्या शीटवरून मिळाला. ग्रुपवर त्या आठवड्यात हजारो मेसेज आले असतील. कामाला आली ती सहा जणांनी राखलेली बारा-पंधरा ओळींची यादी.

आणि हरण्या. बाहेरच्यांसाठी सांगतो, केळीवरच्या सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) रोगाला आपल्याकडे हरण्या म्हणतात. कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे येतात, पान आखडतं, पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सडायला लागतो. मावा नावाची बारीक कीड तो रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. विषाणू आहे, त्यामुळे झाड बरं करणारं औषध नाही. रोगट झाड मुळासकट उपटून लांब नेऊन नष्ट करायचं, माव्याचा बंदोबस्त करायचा, बागेत-बांधावर काकडी, भोपळा, मिरची ठेवायची नाही. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावलकडे याच रोगापायी लोकांनी लावलेल्या बागा उपटून फेकल्या. म्हणजे माहिती आपल्याला जुनी आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शिवारात तो दिसला तेव्हा ग्रुपवर उपायांचा पूर आला. हे मारा, ते सोडा, अमक्या दुकानात तमकं आलंय, कुणाचा तरी बारा मिनिटांचा व्हिडिओ. आठ दिवस गेले. हरण्याची अडचण अशी की मी माझी झाडं सोमवारी उपटली आणि शेजाऱ्याने पुढच्या रविवारी, तर माझं उपटणं फुकट जातं. मावा बांध बघत नाही. लागून असलेल्या सगळ्यांनी एकाच दिवशी बागेत उतरायला हवं. चारशे जणांच्या ग्रुपात त्यावर अडीचशे मेसेज पडले, आणि त्यात एक तारीख ठरली नाही. मीसुद्धा त्यात नऊ मेसेज टाकले होते, नंतर मोजले.

म्हणून यंदा आम्ही शिवाराचा वेगळा ग्रुप केलाय. अकरा जण, सगळ्यांचे बांध एकमेकांना लागून. ज्याची जमीन तिथे नाही तो ग्रुपात नाही, तो माझा सख्खा भाऊ असला तरी. दर बुधवारी एकाची पाळी, त्याने सगळ्यांच्या बागा फिरून बघायच्या आणि एक ओळ लिहायची. "झालं" लिहायचं ते झाल्यावर, "करतो" लिहायचं ते स्वतःच्या नावाने. मोठा ग्रुप आहे तसाच आहे. तिथे वाढदिवस होतात, भाव येतात, गप्पा चालतात, आणि त्या मला हव्याही आहेत, कारण परगावी गेलेली आमची पोरं गावाशी तिथेच बोलतात. फक्त मुदतीचं काम असेल तर ते सोसायटीच्या दाराशी फळ्यावर खडूनेही लिहायचं, तारखेसह, आणि तारीख गेली की पुसायचं. खडूने लिहिलेल्या त्या चार ओळी येता-जाता सगळे वाचतात.

नाना अकरांच्या ग्रुपात नाहीत. त्यांना नकोच होता. त्यांना जाऊन सांगायचं, हे माझ्या नावावर लिहिलंय.

गेल्या बुधवारी पाऊस जरा उघडला होता. संध्याकाळी ओळ आली: "नानांची बाग बघितली. वरच्या कोपऱ्यात दोन झाडं, माझ्यासमोर उपटली, ५:४०." खाली कुणी अंगठा दिला नाही. सकाळी दूध घालायला निघालो तर नानांच्या दोन्ही बाजूंचे शेजारी चिखलात वाकून आपापला कोपरा तपासत होते.