मूळ कार्ट्रिज चालतं, म्हणून कनेक्टर ठीक?

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप असा, की गेम बॉयवर (निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं मशीन) घरी केलेला गेम अडकला की मी आधी कनेक्टरच्या, म्हणजे कार्ट्रिज जिथे बसतं त्या खाचेच्या, पिना पुसायला सांगतो आणि त्यात लोकांचा वेळ जातो. तुमच्या मशीनवर टेट्रिस सुरळीत चालतं, तुमचा गेम एमुलेटरवरही (संगणकावर मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) चालतो, म्हणून दोष फ्लॅश कार्टचाच (स्वतःचा गेम भरता येणारं कार्ट्रिज), असं तुम्ही म्हणता. हे मला पटत नाही.

टेट्रिस 32 केबीचा गेम आहे, बँक (मोठ्या गेमचा एका वेळी मशीनला दिसणारा तुकडा) बदलतच नाही. त्याला कार्ट्रिजमधून फक्त वाचायचं असतं. तुमचा गेम एमबीसी5 ही बँका बदलणारी चिप वापरतो. बँक बदलायची तर मशीनला कार्ट्रिजकडे लिहावं लागतं आणि त्या राइट सिग्नलची पिन वेगळी आहे. तेवढी एकच पिन मळलेली असली, तरी टेट्रिस बिनतक्रार चालेल आणि तुमचा गेम पहिल्याच बँकबदलाला कोलमडेल. म्हणून पुसायला सांगतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. फुंकर अजिबात नको, तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात.

पुसण्याआधी सुरुवातीचा लोगो मात्र नीट बघा. जुना करडा गेम बॉय कार्ट्रिजच्या हेडरमधले (गेमची माहिती असलेला सुरुवातीचा भाग) 48 बाइट वाचून तो लोगो काढतो आणि नंतर ते बाइट स्वतःजवळच्या प्रतीशी ताडून पाहतो. म्हणजे पडद्यावर दिसतं ते प्रत्यक्ष वाचलं गेलेलं असतं. एका बाइटमधून चार-चार ठिपक्यांच्या दोन ओळी निघतात. त्यामुळे एखादी डेटा पिन सुटली, तर दर चार ठिपक्यांमागे, एक ओळ सोडून, नेमकी तीच जागा बिघडलेली दिसते. नुसता काळा पट्टा आला, तर काहीच वाचलं जात नाहीये. आणि लोगो स्वच्छ येऊन मशीन तिथेच थांबलं, तर कनेक्टरच्या मागे लागण्याआधी हेडरचा चेकसम (पडताळणीचा आकडा) तपासा. बहुतेक वेळा आरजीबीफिक्स हे हेडर दुरुस्त करणारं साधन चालवायचं राहिलेलं असतं.

आता एमुलेटर. चालू होताना खऱ्या मशीनच्या रॅममध्ये काहीही असू शकतं. बरेच एमुलेटर ती शून्याने भरून देतात, आणि व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत न देणारा कोड तिथे खपून जातो. मेसेन या एमुलेटरमध्ये रॅम यादृच्छिक भरायची सोय आहे, ती लावून बघा. बंद करून लगेच चालू केल्यावर चालणारा गेम रात्रभराच्या विश्रांतीनंतर अडकत असेल, तर संशय रॅमवर घ्या. कार्ट्रिज काढून पुन्हा बसवल्यावर दर वेळी वेगळंच घडत असेल, तर कनेक्टरवर.

एनईएसबद्दलचं (निन्टेंडोचं टीव्हीला जोडायचं मशीन) तुमचं म्हणणं, की जाड बोर्ड कनेक्टर बिघडवतात, मात्र शंभर टक्के बरोबर. मूळ कार्ट्रिजमधल्या सर्किट बोर्डाची जाडी 1.2 मिमी असते, आणि वेगळं सांगितलं नाही तर बोर्ड बनवणारे सहसा 1.6 मिमीचा देतात. असा बोर्ड कनेक्टरच्या पिना फाकवतो आणि मग मूळ कार्ट्रिजही सैल बसू लागतात. हे थांबायलाच हवं.

तुमच्या लोगोचा फोटो पाठवा, आणि गेम कोणत्या बँकेला अडकतो तेही कळवा. पुढचं त्यावरून बघू.