दात तुटला म्हणून गिअर भंगारात टाकू नका

जुन्या लेथबद्दल, म्हणजे धातू फिरवून कातण्याच्या यंत्राबद्दल, एक सल्ला बराच फिरतो आहे: ‘बॅकगिअरचा दात तुटला की गिअर फेकून द्या. जुनं बीड ठिसूळ होतं, त्यावर वेल्डिंग धरत नाही, बसवलेला दात टिकत नाही. बाजारातून त्याच मापाचा नवा गिअर आणा.’ (बॅकगिअर म्हणजे लेथचा वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर, बीड म्हणजे ओतीव लोखंड.) हे वाचून कुणी धडधाकट लेथ किलोच्या भावाने विकू नये, म्हणून हे उत्तर.

बीड वयाने ठिसूळ होत नाही, ते मुळातच ठिसूळ असतं. बॅकगिअरचे दात तुटण्यामागे अनेकदा एक वाईट सवय असते. घट्ट बसलेला चक (काम पकडणारा भाग) सोडवताना बुल गिअरची, म्हणजे स्पिंडलवरच्या मोठ्या गिअरची, पुलीला जोडणारी पिन तशीच ठेवून बॅकगिअरही जोडतात, म्हणजे स्पिंडल (चक फिरवणारा मुख्य दांडा) अडतो, आणि मग चकवर जोर लावतात. सगळा हिसका एक-दोन दातांवर येतो. बाकीचे दात शाबूत राहतात.

वेल्डिंगचं म्हणणं अर्धं खरं आहे. माइल्ड स्टीलच्या साध्या रॉडने आर्क वेल्डिंग केलं, तर जोडालगतचं बीड इतकं कडक होतं की कानस नुसती घसरते. पुष्कळदा तडाही जातो. पण ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून सांधणं, वेगळं. त्याचा पितळी रॉड ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, बिडाला ११५० च्या पुढे जावं लागतं, म्हणजे गिअर वितळत नाही. जागा शेवटी कानशीने साफ करावी. ग्राइंडरने बिडातलं ग्राफाइट पृष्ठभागावर फासलं जातं आणि पितळ धरत नाही. अख्खा गिअर सावकाश तापवायचा आणि नंतर कोरड्या राखेत पुरून सावकाशच निवू द्यायचा.

तापवायचंच नसेल तर तुटलेल्या दाताच्या जागी तळाशी रुंद, वर अरुंद अशी खाच घ्यावी, तीत बिडाचा किंवा स्टीलचा तुकडा घट्ट बसवावा, बाजूने स्क्रू मारावेत आणि मग दात घडवावा. शेजारच्या शाबूत दातावरून पत्र्याचं गेज कापायचं, जोडीच्या गिअरला मार्किंग ब्लू लावून फिरवायचं, जिथे निळा डाग उमटेल तिथेच कानस चालवायची. हे संयमाचं काम आहे आणि चांगल्या फिटरला ते जमतं.

टिकण्याबद्दल एक गोष्ट मान्य केली पाहिजे. फिरताना काही क्षण सगळा भार एकट्या दातावर येतो, त्यामुळे वरवर चिकटवलेला दात उडणारच. बुंध्यात रुतवलेला दात लेथच्या नेहमीच्या कामाला पुरतो.

‘त्याच मापाचा नवा गिअर’ हा सल्ला मात्र सरळ घातक आहे. उदाहरणार्थ, साउथ बेंड या अमेरिकी कंपनीच्या ९ इंची लेथचे चेंज गिअर (आटे कापताना बदलायचे गिअर) १८ डीपीचे, म्हणजे व्यासाच्या दर इंचामागे १८ दातांचे, आणि साडेचौदा अंश दाबकोनाचे (दात एकमेकांना ज्या कोनात ढकलतात तो) आहेत. मॉड्यूल हे दाताचं मिलिमीटरमधलं माप; १८ डीपी म्हणजे १.४११ मॉड्यूल, बाजारातला दीड मॉड्यूलचा, २० अंशांचा गिअर त्यांच्याशी जुळत नाही. २० डीपी म्हणजे १.२७, आणि तो सव्वा मॉड्यूलच्या इतका जवळ असतो की नजर फसते. असा गिअर घरघर करत चालतो आणि जोडीदाराचे चांगले दात खातो.

सलग चार-पाच दात गेले असतील किंवा तडा आऱ्यापर्यंत पोचला असेल, तर ठिगळ लावू नये. आरे आणि मधला बुश ठीक असतील तर जुना घेर टर्न करून त्यावर नवी रिंग पक्की बसवावी आणि दात कापून घ्यावेत. नाहीतर नमुन्यावरून नवा गिअर करावा. आणि पॉवर प्रेस किंवा हॉइस्टवर, जिथे दात सुटला तर माणूस जायबंदी होतो, तिथे रुतवलेला दात मी कधीच सुचवणार नाही.